घर कशाच्या जवळ असावे?



गेल्या चैत्रातील एका रविवारी दुपारी गोडदेव येथील आमच्या घरी एक छोटी कौटुंबिक बैठक भरली. निमित्त होते माझ्या भाचीच्या बदलीचे. ती एका बहुराष्ट्रीय कंपनीत हिशेबतपासणीच्या विभागात काम करते. कंपनीने तिच्यापुढे तीन कार्यालये ठेवली होती: गुरुग्राम, लंडन आणि कॅलिफोर्नियातील सॅन होजे. पंधरा दिवसांत पसंती कळवायची होती. तिचे वडील, म्हणजे माझे भाऊजी, भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा लहानसा कारखाना चालवतात. त्यांनी वहीच्या कागदावर तिन्ही शहरांची नावे एकाखाली एक लिहिली आणि समोर तीन रकाने आखले: पगार, देरासर, आपली माणसे.

भाचीने त्यांच्या हातून पेन घेतले, शेवटी चौथा रकाना आखला आणि त्यावर एकच शब्द लिहिला: बर्फ.

भाऊजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ताई काही न बोलता चहाचे भांडे घेऊन आत गेली. एकतीस वर्षांच्या, अविवाहित, उत्तम कमावत्या मुलीने आपल्या भावी मुक्कामाचा निर्णय बर्फावरून करावा, हे दोघांनाही पटण्यासारखे नव्हते. त्या दुपारी जे बोलणे झाले आणि पुढे जे ठरले, ते या सदराच्या वाचकांसमोर ठेवावे असे मला वाटले. आपल्या व्यापारी घरांतील मुले आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूरदूर जात आहेत, आणि ‘तेथे राहायचे कोठे?’ हा प्रश्न घरोघरी निघतो आहे.

प्रथम त्या चौथ्या रकान्याविषयी. भाची फिगर स्केटिंग करते. पायात पोलादी पाते बसवलेले बूट घालून बर्फाच्या गुळगुळीत पटांगणावर संगीताच्या तालावर वळणे, गिरक्या आणि उड्या घेण्याची ही कला आहे. तिची सुरुवात अर्थातच चाकांवर झाली. इमारतीच्या वाहनतळात संध्याकाळी चाकांचे स्केट बांधून फिरणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. चाकांवरच्या कलात्मक स्केटिंगमध्ये आपल्या देशाने नावही मिळवले आहे. २०१० च्या ग्वांगझू आशियाई खेळांत अनुपकुमार यामा यांनी एकेरीत आणि अवनी पांचाळ यांच्यासह दुहेरीत कांस्यपदक मिळवले होते. बर्फाशी भाचीची ओळख मात्र गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये झाली. भाईंदरहून उत्तनमार्गे तेथे जाता येई आणि आमच्या भागातील शाळांच्या सहली हमखास तिकडेच निघत. तेथील छोट्या बर्फाच्या रिंकवर नऊ वर्षांची ही मुलगी दोन तास पडत होती, उठत होती आणि बाहेर यायला तयार नव्हती.

पुढे पहिल्या नोकरीनिमित्त ती दोन वर्षे गुरुग्रामला होती. तेथील अँबियन्स मॉलमध्ये बर्फाची रिंक आहे. तेथे तिने वयाच्या पंचविसाव्या वर्षी रीतसर शिकायला सुरुवात केली. आजोबांच्या आजारपणात ती मुंबईला परतली. त्यानंतर महिन्यातून एकदा स्वखर्चाने विमानाने गुरुग्रामला जाऊन दोन दिवस सराव करायचा आणि रविवारी रात्री घरी यायचे, असे तिने तीन वर्षे चालवले. मुंबईत स्पर्धेच्या मापाची, म्हणजे साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद अशी बर्फाची रिंक नाही. मॉलमधील हिमक्रीडागृहात मौज होते, सराव होत नाही.

‘या वयात हे कशासाठी?’ भाऊजींनी विचारले. हा प्रश्न नातेवाइकांनीही अनेकदा विचारला होता. भाचीने शांतपणे उत्तर दिले. प्रौढांसाठी या खेळाच्या स्वतंत्र स्पर्धा असतात. जर्मनीतील ओबर्स्टडोर्फ या डोंगराळ गावी २००५ पासून आंतरराष्ट्रीय प्रौढ फिगर स्केटिंग स्पर्धा भरते. तिच्यात वयाची किमान अट अठ्ठावीस वर्षांची आहे, आणि साठी-सत्तरीचे स्त्री-पुरुषही उतरतात. अमेरिकेत प्रौढांची राष्ट्रीय स्पर्धा १९९५ पासून आहे. ‘बाबा, लहानपणी सुरू केले नाही म्हणून ऑलिंपिकचे दार बंद झाले, ते मला ठाऊक आहे. पण मी त्या दारासाठी रांगेत नाहीच.’

घरातील आजींचा प्रश्न वेगळा होता: ‘ते बूट चामड्याचे का?’ पूर्वी ते चामड्याचेच असत. आता सूक्ष्म कृत्रिम तंतूंच्या कापडाचे चांगले बूट मिळतात आणि भाचीचे बूट तसेच आहेत. आजींचे समाधान झाले. भाऊजींचे झाले नव्हते. ते म्हणाले, ‘छंद असू दे. पण छंदासाठी कोणी गाव निवडते का? आधी चांगली वस्ती पाहावी, देरासर पाहावे, मग जमेल तसे खेळावे.’

येथे मला बोलावेसे वाटले. वाचकहो, मी आजवर या सदरात स्वतःविषयी फारसे लिहिले नाही. आज थोडे लिहिते.

लग्नापूर्वी मी गिरगावात राहत होते आणि बारा वर्षे कथक शिकत होते. १९८८ मध्ये लग्न होऊन गोडदेवला आले. सासऱ्यांनी येथे घर घेतले त्याचे कारण सरळ होते: कारखाना जवळ, देरासर गल्लीच्या टोकाला, आणि गिरगावच्या भावात येथे दुप्पट जागा. सासरची माणसे उदार मनाची. सासूबाई स्वतः म्हणाल्या, ‘तुझे नृत्य सोडू नकोस.’ आठवड्यातून तीन दिवस वर्ग होता. गोडदेवहून भाईंदर स्थानकापर्यंत वीस-पंचवीस मिनिटांची चाल, विरारहून भरून आलेली लोकल, चर्नी रोडला उतरून पुन्हा चालणे. जायला पावणेदोन तास, यायला पावणेदोन तास, आणि वर्ग एक तासाचा. पहिल्या पावसाळ्यात मंगळवार सुटला. दिवाळीनंतर गुरुवारही सुटला. पुढच्या वर्षी मुलगा झाला आणि शनिवारही गेला. एके दिवशी मी घुंगरांची पेटी माळ्यावर ठेवली.

मला कोणी मना केले नव्हते. म्हणून कोणाशी भांडताही आले नाही. ते काम अंतराने केले. घर निवडताना माझे नृत्य कोणाच्याही हिशेबात नव्हते, माझ्यासुद्धा नव्हते. ‘जमेल तसे’ या शब्दांवर मी विसंबले आणि जमेनासे केव्हा झाले ते कळलेही नाही. भाऊजींना मी एवढेच म्हणाले की मुलीने चौथा रकाना आखला ही चांगली गोष्ट आहे. माझ्या वेळी तो आखला असता तर कदाचित घर गोडदेवलाच घेतले असते, पण मी निदान जवळचा वर्ग शोधला असता.

ताई दारात उभी राहून ऐकत होती. ती आत आली, बसली आणि म्हणाली, ‘मग नीट हिशेब करू या.’

आता हिशेबाकडे वळू. तो केवळ स्केटिंग करणाऱ्यांसाठी आहे असे मानू नये.

भाचीच्या सरावाचे स्वरूप आधी समजून घेतले पाहिजे. स्केटच्या पात्याला खालून उथळ खाच असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन धारा असतात. एका वेळी एकाच धारेवर शरीराचा भार तोलणे, हेच या कलेचे मर्म. हा तोल अंगात टिकवण्यासाठी बर्फावर वारंवार जावे लागते. महिन्यातून दोन दिवस आठ-आठ तास घालवण्यापेक्षा आठवड्यातून चार दिवस एक-एक तास अधिक उपयोगी पडतो. प्रौढ शरीराला तर हे फारच लागू आहे. लहान मूल पडते आणि उठते. तिशीतील माणूस पडला की दोन दिवस कंबर बोलते. म्हणून थोडे, पण नेमाने. सामायिकाचा नेम ज्या घरात आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट वेळेची. सर्वांसाठी खुल्या असलेल्या वेळेत रिंकवर इतकी गर्दी असते की उडी घेणे धोक्याचे ठरते. फिगर स्केटिंगसाठी मोजक्या माणसांची वेगळी सत्रे असतात. संध्याकाळच्या आणि सुटीच्या वेळा बहुतेक ठिकाणी आइस हॉकीचे संघ आणि सहकुटुंब येणारे लोक घेतात. नोकरी करणाऱ्या प्रौढाच्या वाट्याला बहुधा भल्या पहाटेची किंवा रात्री उशिराची सत्रे येतात. तेव्हा रिंक किती भव्य आहे यापेक्षा सकाळी सहा वाजता मी तेथे पोहोचू शकेन काय, हा खरा प्रश्न.

या कसोटीवर तिन्ही शहरे आम्ही एकेक करून तपासली.

गुरुग्राम ताईच्या मनात पहिले होते. मुंबईहून विमानाने दोन तास, भाषा आपली, जेवण आपले, आणि रिंक ओळखीची. अडचण अशी की तेथे सगळी मदार एका रिंकवर. ती ऑलिंपिक मापाहून लहान आहे आणि मॉलच्या आत असल्यामुळे मॉलच्या दिनक्रमाला बांधलेली आहे. भाऊजी व्यापारी माणूस. येथे त्यांनीच अचूक बोट ठेवले. ‘एकाच गिऱ्हाइकावर पेढी चालवू नये.’ आपल्या देशात बर्फाच्या रिंकांचा इतिहास हेच सांगतो. सिमल्याची प्रसिद्ध रिंक १९२० पासून आहे, पण तिचा बर्फ नैसर्गिक थंडीने गोठतो. हिवाळ्याचे थोडे महिने आणि निरभ्र आकाश, एवढ्यावर तिचा हंगाम अवलंबून. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी पूर्ण मापाची बंदिस्त रिंक बांधली गेली. त्यानंतर ती वर्षानुवर्षे बंद राहिली. २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि त्याच ऑगस्टमध्ये तेथे आशियाई खुली शॉर्ट ट्रॅक स्पर्धा झाली, ही आनंदाची गोष्ट. गोराईचे एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले. बारा महिने बर्फ गोठलेला ठेवण्यासाठी वीज लागते, यंत्रे लागतात, माणसे लागतात. एखादी रिंक केव्हा थांबेल हे तिच्यावर येणाऱ्यांच्या हाती नसते. म्हणून जेथे जवळपास दुसरी रिंक आहे, तेथे घर घेणे शहाणपणाचे.

सॅन होजे भाऊजींची आवड होती. तेथून जवळच मिलपिटास येथे उत्तर कॅलिफोर्नियाचे जैन केंद्र आहे. २००० साली तेथे मंदिर उभे राहिले. परिसरात आपल्या समाजाची मोठी वस्ती आहे. बर्फाच्या बाबतीतही हा भाग संपन्न आहे. सॅन होजेत अनेक रिंकांचे एक मोठे संकुल आहे, उत्तरेला फ्रीमाँटमध्ये दुसरे आहे, आणि मिलपिटास त्या दोहोंच्या मध्ये येते. कागदावर याहून सोयीचा मुक्काम मिळणे कठीण. पण भाचीला मोटार चालवता येत नाही, आणि तेथे मोटारीवाचून दिवस निघत नाही. शिकता येईल, हे तिनेही मान्य केले. घरभाडे मात्र अतोनात, आणि मुख्य म्हणजे आई-वडिलांपासूनचे अंतर. आपल्याकडे दिवस असताना तेथे रात्र असते. घरात कोणाला बरे नसेल तर तेथून पोहोचायला पुरता दिवस जातो. आजोबांच्या वेळचा अनुभव तिच्या मनात ताजा होता.

राहिले लंडन. तेथे आपला समाज जुना आणि स्थिर आहे. केन्टन, हॅरो या वायव्येकडील उपनगरांत गुजराती आणि जैन कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, केन्टनला देरासर आहे, आणि शहराच्या उत्तरेस पॉटर्स बार येथे ओसवाल केंद्राचे भव्य देरासर आहे. भाऊजींच्या एका आप्तांनी केन्टनमध्ये खोली देऊ केली होती. पण रिंक पूर्वेला, लेटनमध्ये. ली व्हॅली आइस सेंटर या नावाची तेथील जुनी रिंक १९८४ सालची; ती पाडून तेथे नवी इमारत उभी राहिली आणि २०२३ मध्ये ती ऑलिंपिक मापाच्या दोन रिंकांसह सुरू झाली. शिवाय उत्तरेला अलेक्झांड्रा पॅलेसची रिंक आहे आणि पूर्वेला रॉमफर्डमध्ये आणखी एक. एक बंद पडली तरी पेढी बुडणार नाही, एवढी तजवीज होती.

केन्टन ते लेटन हे अंतर नकाशावर बोटभर दिसते. प्रत्यक्षात लंडन आडवे ओलांडावे लागते. गाडी बदलत, एका बाजूने सत्तर मिनिटे धरली तर दिवसाला एकशे चाळीस. आठवड्यातून चार दिवस म्हणजे पाचशे साठ मिनिटे, अर्थात नऊ तास वीस मिनिटे. वर्षाचे अठ्ठेचाळीस आठवडे धरले तर चारशे अठ्ठेचाळीस तास. आठ तासांचा एक कामाचा दिवस मानला तर छप्पन्न दिवस केवळ वाटेत. भाऊजींनी ही बेरीज दोनदा तपासली. मला माझी चर्नी रोडची लोकल आठवली.

येथे भाचीने एक गोष्ट केली ती मला फार आवडली. तिने कागद उलटला आणि मागे लिहिले: ‘एक साधा मंगळवार.’ सण नाही, सुटी नाही, पाहुणे नाहीत, अंगात थोडी कणकण आहे, बाहेर पाऊस आहे. अशा मंगळवारी सकाळी किती वाजता उठणार, कशाने जाणार, कोठे खाणार, कार्यालयात केव्हा पोहोचणार, रात्री घरी कोणत्या रस्त्याने येणार, हे तिने प्रत्येक शहरासाठी वेगवेगळे लिहून काढले. उत्साहाच्या दिवशी माणूस दीड तासही प्रवास करतो. नेम टिकतो की तुटतो, ते कंटाळ्याच्या मंगळवारी ठरते.

त्या कागदावर एक त्रिकोण आकाराला आला. एका कोपऱ्यात कार्यालय, दुसऱ्यात रिंक, तिसऱ्यात देरासर आणि आपली माणसे. तिन्ही जवळ असतील असे घर क्वचितच मिळते. मग कोणते अंतर सर्वांत कमी असावे? जेथे सर्वाधिक वेळा जायचे आहे, ते. कार्यालय पाच दिवस, रिंक चार दिवस, देरासर तिच्या बाबतीत रविवारी. आमच्या घरात मात्र मोजणी उलट होईल. भाऊजी रोज पहाटे पूजेला जातात, म्हणून त्यांचे घर देरासराच्या गल्लीत असणे हेच योग्य. नियम दोघांनाही एकच लागू आहे. उत्तरे निराळी आली, कारण नेम निराळे आहेत.

ताईची चिंता आहाराची होती, आणि ती रास्त होती. घरात चौविहार पाळला जातो. डिसेंबरच्या अखेरीस लंडनमध्ये सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारला पाच मिनिटे असताना मावळतो. म्हणजे नवकारशी जवळजवळ नऊ वाजता आणि संध्याकाळचे जेवण कार्यालयातच, साडेतीनच्या सुमारास. उलट जूनमध्ये सूर्यास्त रात्री नऊनंतर. पहाटेचा सराव हिवाळ्यात उपाशीपोटीच होणार. भाचीने याचाही विचार केला होता. हिवाळ्यात दुपारचे जेवण भरपूर, साडेतीनला डब्यातील दुसरे जेवण, आणि पहाटेचे सत्र थोडे हलके. यासाठी तिला दोन गोष्टी लागणार होत्या: कार्यालयातून डबा खाण्यापुरती पंधरा मिनिटांची सवड, आणि स्वतःचे स्वयंपाकघर. म्हणून तिने घर शोधताना स्वयंपाकघर सामाईक असलेल्या खोल्या आधीच वगळल्या. भाडे थोडे वाढले. ताईने त्या वाढीला तत्काळ मान्यता दिली.

आणखी काही बारकावे तिने टिपून ठेवले होते. ते येथे देते, कारण ते ऐकून मला तिच्या विचारीपणाचे कौतुक वाटले. सरावानंतर पाते पुसून कोरडे केले नाही तर गंजते आणि बूट ओले राहतात. तेव्हा घरात ते वाळवायला वारा खेळता असलेला कोपरा हवा. पात्याला ठरावीक तासांनंतर धार लावावी लागते आणि ते काम जाणत्याचेच. तेव्हा असा कारागीर किती दूर आहे, हे आधी विचारावे. प्रौढांना मन लावून शिकवणारा प्रशिक्षक त्या रिंकवर आहे का, हेही विचारावे, कारण पुष्कळ ठिकाणी सारा भर लहान मुलांवर असतो. मुरगळलेल्या पायाने चौथ्या मजल्यावर चढावे लागू नये, म्हणून खालचा मजला किंवा उद्वाहन असलेली इमारत बरी. आणि सर्वांत महत्त्वाचे: घर पक्के करण्यापूर्वी ज्या वेळी जायचे त्याच वेळी त्या रस्त्याने एकदा स्वतः जाऊन पाहावे. दुपारी उजळ दिसणारा रस्ता पहाटे साडेपाचला कसा असतो, हे नकाशा सांगत नाही.

अखेर लंडन ठरले. घर केन्टनला नव्हे, तर लेटनमध्ये, ली ब्रिज रोडपासून जवळ. रिंकला बसने थोडी मिनिटे, आणि कार्यालय लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकापाशी, भूमिगत रेल्वेने थेट. भारतीय किराणा ग्रीन स्ट्रीटला मिळतो, तोही पूर्वेकडेच. रविवारी देरासर.

भाऊजींनी होकार दिला, पण व्यापाऱ्याच्या अटीवर. ‘आधी कच्चे खाते.’ सहा महिने फक्त भाड्याने राहायचे, सामान मोजके घ्यायचे, आणि तीन महिन्यांनी हिशेब दाखवायचा: ठरवलेल्या सत्रांपैकी किती झाली, किती चुकली, का चुकली, आणि रविवारी देरासरात किती वेळा गेली. हिशेब जुळला नाही तर घर बदलायचे, आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. परगावी गेलेली मुले पहिले घर चुकले तरी हट्टाने तेथेच कुढत राहतात, कारण घरी सांगायचे कसे, असे त्यांना वाटते. बदलाची मुभा आधीच देऊन ठेवणे, हे आई-वडिलांनी मुलांना द्यावे असे मोठे पाथेय आहे. भाऊजींनी ते दिले, याचा मला अभिमान वाटतो.

केन्टनचे आप्त थोडे दुखावले. ‘आपल्या माणसांत राहायचे सोडून तिकडे एकटी?’ असे त्यांनी फोनवर विचारले. त्यांचे दुखावणे चुकीचे म्हणता येणार नाही. एकट्या मुलीला आजारपणात पेज करून द्यायला दारी कोण येणार, हा प्रश्न खराच आहे. रिंकजवळचे घर घेतल्याने काही गमवावेच लागते, ही गोष्ट भाचीने कबूल केली. तिने आप्तांना स्वतः फोन केला आणि दर रविवारी देरासरानंतर जेवायला येईन, असे सांगितले. हा शब्द तिने पाळायला हवा, असे मी तिला बजावले. ज्या नात्यांपासून आपण दूर राहतो, त्यांना आठवड्यातील नेमका वार देऊन ठेवावा. नाहीतर तीही ‘जमेल तशी’ होऊन जातात.

पर्युषण आटोपले, संवत्सरीला सर्वांची क्षमा मागून झाली, आणि सप्टेंबरात ती गेली. गेल्या आठवड्यात तीन महिन्यांचा हिशेब आला. अठ्ठेचाळीस सत्रे ठरली होती, त्यांपैकी एकेचाळीस झाली. सातपैकी चार आजारपणात, दोन कामाच्या ओढीने, आणि एका पुढे तिने लिहिले आहे: ‘झोप लागली.’ रविवारच्या रकान्यात बारापैकी नऊ. भाऊजींनी त्या नऊवर बोट ठेवले आणि एकेचाळीसकडे पाहून काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र कारखान्यातील माणसांना ते मुलीच्या बर्फाविषयी सांगत होते, असे ताई म्हणाली.

वाचकहो, आपल्या घरातील कोणी मूल उद्या बंगळूरला, पुण्याला किंवा परदेशी निघाले तर घर शोधण्यापूर्वी त्याला विचारा: तुझा नेम कोणता? संगीत असेल, पोहणे असेल, धार्मिक अभ्यास असेल किंवा खेळ असेल. त्यासाठी एक रकाना आखा. तो रिकामा राहिला तरी चालेल, पण विचारल्यावाचून राहू नये. लग्न होऊन येणाऱ्या सुनेसाठीही हा रकाना आखावा, असे माझे नम्र सांगणे आहे. ‘तुझे सोडू नकोस’ असे सासूबाई मला मनापासून म्हणाल्या होत्या. कोणत्या गाडीने, किती वाजता, हे त्यांनीही विचारले नाही आणि मीही नाही.

त्या बैठकीनंतर मी माझाही एक मंगळवार लिहून पाहिला. नवघर रोडवर, घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर, सकाळी कथकचा वर्ग भरतो, असे शेजारणीकडून कळले. पेटी माळ्यावरून काढली आहे. घुंगरांची दोरी जीर्ण झाली होती, ती बदलायला दिली आहे.

जय जिनेंद्र.